वाढप्याच्या जागी रोबोट: वरव्याच्या हॉटेलवाल्याला केवढ्याला पडेल?

खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून साताऱ्याकडे निघालं की शिवरे, वरवे खुर्द, वरवे बुद्रुक, केळवडे, मग नसरापूरचा चेलाडी फाटा, अशी भोर तालुक्यातली गावं महामार्गाला लागून येतात. जेवणाची, मिसळीची, वडापावची, भेळेची हॉटेलंही त्याच ओळीत. शनिवारी सकाळी महाबळेश्वर-कोल्हापूर-कोकणाकडे निघालेली गाडी इथे नाश्त्याला थांबते आणि रविवारी संध्याकाळी तीच गाडी दमून परत येताना जेवायला. बाकीचे दिवस ट्रकवाले, एसटीचे प्रवासी, शिरवळच्या कारखान्यांत ये-जा करणारी मंडळी. या पट्ट्यात कुठल्याही गल्ल्यावर पाच मिनिटं थांबलात तर एक गाऱ्हाणं हमखास कानावर येतं: पोरं टिकत नाहीत. त्यातच मोबाइलवर मांजराच्या तोंडाचा रोबोट थाळ्या घेऊन टेबलापाशी जाताना दिसतो आणि मालकाच्या डोक्यात प्रश्न येतो, हे आपल्याकडे आणलं तर?

त्याचं थोडक्यात उत्तर आधीच देऊन टाकतो. कर्ज काढून घेतलेला एक रोबोट महिन्याला साधारण दीड वाढप्याच्या खर्चात पडतो आणि वाढप्याच्या कामातलं फक्त चालणं करतो. एवढ्यावर ज्याचं समाधान झालं त्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल. पण आकडे समजून घेतले तर विक्रेत्यासमोर बसताना उपयोगी पडतील.

आपल्या देशात हे नवं राहिलेलं नाही. चेन्नईत २०१७ मध्ये रोबोट वाढपी असलेलं हॉटेल निघालं, २०१९ मध्ये त्यांनीच बेंगळुरूच्या इंदिरानगरात शाखा काढली. त्याच वर्षी भुवनेश्वरच्या एका हॉटेलात ‘चंपा’ आणि ‘चमेली’ नावाचे दोन रोबोट थाळ्या वाहू लागले. लोक बघायला गेले, फोटो काढले. पण ती हॉटेलं रोबोट बघायला येणाऱ्यांसाठीच होती, तो त्यांचा धंदाच होता. महामार्गावर गिऱ्हाईक वीस मिनिटांत जेवून पुन्हा गाडीत बसायच्या बेतात असतं.

खऱ्या कामासाठी रोबोट मोठ्या संख्येने लावले ते जपानने. तिथल्या स्कायलार्क या कंपनीने २०२२ अखेरपर्यंत आपल्या रेस्टॉरंटांत सुमारे ३,००० मांजरतोंडे रोबोट आणले. ते ‘बेलाबॉट’ नावाचं चिनी बनावटीचं यंत्र. उंची सव्वा मीटरच्या थोडी वर, वजन पन्नास किलोच्या पुढे, चार कप्पे, प्रत्येक कप्प्यावर दहा किलो. जपानात ते चाललं, कारण तिथे जमीन सपाट, पदार्थ ठरलेल्या बशीत, आणि कप्प्यावरची बशी गिऱ्हाईक स्वतः उचलून घेतं. उलट बाजूला चीनमधल्याच ग्वांगझूचं उदाहरण आहे. २०१६ मध्ये तिथल्या तीन रोबोट-हॉटेलांपैकी दोन बंद पडली आणि तिसऱ्याने बहुतेक रोबोट काढून टाकले. तक्रारींत एक अशी की त्यांना सूप नीट नेता येत नव्हतं. त्यानंतर यंत्रं सुधारली हे खरं. तरी तांबडा रस्सा काठोकाठ भरून देणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता हिशेब. विदेशी बनावटीचा चार कप्प्यांचा रोबोट भारतातल्या विक्रेत्याकडून घ्यायचा तर आठ लाख रुपये धरू. याहून स्वस्त देशी यंत्रं मिळतात, महागही मिळतात. तुमच्या हातात जे कोटेशन येईल तो आकडा इथे घालावा, रीत तीच राहील. आठ लाखांवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ लाख ४४ हजार. एकूण ९ लाख ४४ हजार.

इथे विक्रेता एक वाक्य हमखास टाकतो: “साहेब, जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळेल.” मिळणार नाही. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के दर आहे, पण त्याची अटच अशी की खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट घेता येत नाही. वरव्यातलं थाळीचं हॉटेल याच गटात येतं. तेव्हा ते १ लाख ४४ हजार खिशातून गेले असंच धरायचं. कंपोझिशन योजनेत असाल तरी तेच. आयकरात यंत्रावर घसारा मिळतो, त्याबद्दल आपल्या सीएला विचारा. पण घसाऱ्याचा उपयोग नफा होत असेल तरच.

पाच वर्षांचं कर्ज, १२ टक्के व्याज: हप्ता जवळजवळ २१,००० रुपये. पहिलं वर्ष बहुधा वॉरंटीत जातं. दुसऱ्या वर्षापासून देखभालीचा वार्षिक करार लागतो. किमतीच्या ८ टक्के धरला तर ६४,००० आणि त्यावर पुन्हा जीएसटी, म्हणजे महिन्याला ६,३०० च्या आसपास. विजेचं मात्र कोणी भय दाखवलं तर ऐकू नका. अशा रोबोटच्या बॅटरीला एका पूर्ण चार्जिंगला एक युनिटही लागत नाही. व्यापारी दराने युनिटला पंधरा रुपये धरले तरी महिन्याला साडेचारशे. दालनभर पोचणारं वायफाय हजार रुपये. बेरीज २८,७५० रुपये.

वाढप्याचा पगार १४,००० धरा, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता आणि राहण्याची सोय मिळून ५,०००. म्हणजे १९,०००. वर म्हटलेला दीड वाढपी इथून आला. कोणी म्हणेल, रोबोट सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत चालतो, माणसाच्या दोन पाळ्या होतात. बरोबर आहे. दोन पाळ्यांचे दोन वाढपी म्हणजे ३८,०००, आणि रोबोटने ते दोघे खरोखर कमी केले तर महिन्याला नऊ हजारांवर बचत. सगळा प्रश्न त्या ‘खरोखर’चा आहे.

तो प्रश्न विक्रेत्याला विचारून सुटत नाही. रविवारी दुपारी एक ते तीन गल्ल्यावर दुसऱ्याला बसवा आणि एका वाढप्याच्या मागे वही घेऊन बसा. तो काय काय करतो त्याच्या रेघा मारा. फडका मारला, पाणी ठेवलं, ऑर्डर घेतली, ऑर्डर सांगायला भटारखान्यात गेला, थाळ्या आणल्या, ‘भाकरी कडक द्या’ हे परत सांगायला गेला, जादा रस्सा आणला, उष्टी ताटं उचलली, बिल आणलं, सुट्टे आणले, लहान मुलाला चमचा दिला, आजोबांना खुर्ची दिली. या यादीतलं रोबोट काय करतो? थाळ्या आणतो. फार तर उष्टी ताटं परत नेतो, तीही कोणीतरी त्याच्यावर रचून दिली तर. बाकीचं सगळं माणसाकडे राहतं. वहीतल्या रेघांपैकी एक तृतीयांश जरी भरल्या हातांच्या फेऱ्या निघाल्या, तरी तीन वाढप्यांच्या हॉटेलात एका पाळीचा एक माणूस कमी होईल. तोही कागदावर. सहा वाढप्यांच्या मोठ्या दालनात दोन होतील, पण तेवढ्या थाळ्या वाहायला बहुधा दोन रोबोट लागतील.

बरं, थाळीच्या बाबतीत आणखी एक अडचण. मोठी मटण थाळी, वाट्यांसकट, रोबोटच्या एका कप्प्यावर एकच नीट बसते. चार कप्पे, चार थाळ्या. सरावाचा वाढपी तीन थाळ्या हातावर रचून आणतो आणि येताना पलीकडच्या टेबलाला ‘आलो’ म्हणूनही सांगतो. वाढपाच्या थाळीत तर यंत्राचा जीवच जाईल: एक भाकरी, एक वाटी रस्सा, एक कांदा, प्रत्येकासाठी वेगळी फेरी. शिवाय इकडच्या गिऱ्हाइकाचा एक नाजूक मुद्दा आहे. वरच्या कप्प्यावर सुकं मटण आणि खाली एकादशीची साबुदाण्याची खिचडी अशी एकाच गाडीवरून आली तर काही टेबलांवरून ती खिचडी परत जाईल. शाकाहारी-मांसाहारी दोन्ही चालवणाऱ्याला एका रोबोटवर भागत नाही.

मग जागा. रोबोटला सपाट, कोरडी, चमक नसलेली फरशी लागते, टेबलांमधून पाऊण मीटरपेक्षा जास्त मोकळी वाट लागते, आणि पायरी तर अजिबात चालत नाही. दाराचा साधा उंबरठाही त्याला अडवतो. वरव्यातली निम्मी बसायची जागा बाहेर असते. पेव्हर ब्लॉक, खडी, झाडाखालची बाजली, मधे दोन पायऱ्या. तिथे यंत्र जाणारच नाही. आतल्या दालनातही भोरचा पाऊस सुरू झाला की चपलांचा चिखल येतो, आणि गिऱ्हाईक खुर्ची मागे सरकवून वाटेतच गप्पा मारत बसतं. रोबोट थांबतो आणि ‘कृपया वाट द्या’ म्हणतो. इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी आवाज हवा असेल तर तो करून देणार का, त्याचे वेगळे पैसे का, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. फरशी सपाट करायचा, उतार काढायचा, टेबलं कमी करायचा खर्च मी वरच्या हिशेबात धरलेला नाही. चार टेबलं काढावी लागली तर तो रविवारच्या गल्ल्यातून जाणारा पैसा आहे, आणि तो हप्त्यापेक्षा जास्त दुखतो.

या रस्त्याचा धंदा आठवड्यातून दोन दिवसांचा आहे ही गोष्ट विक्रेत्याच्या तक्त्यात कधीच नसते. हप्ता मात्र मंगळवारीही चालू असतो. शनिवार-रविवारपुरती दोन पोरं रोजंदारीवर सातशे रुपयांनी लावली तर महिन्याचे आठ दिवस धरून ११,२०० रुपये होतात, जेवण वेगळं. श्रावणात धंदा बसला तर त्यांना बोलवायचं नाही, बँकेला तसं सांगता येत नाही.

शेजारचा टोलनाका यंत्राचं काम कसं चालतं ते दाखवतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला, पैसे घेणारा हात गेला. पण टॅग न वाचणारी गाडी, शिल्लक संपलेली गाडी, वाद घालणारी गाडी यांच्यासाठी माणूस अजून तिथे उभा आहेच. अमेरिकेत फिलाडेल्फियात १९०२ मध्ये हॉर्न अँड हार्डार्ट यांनी वाढप्याशिवायचं हॉटेल काढलं होतं: नाणं टाका, काचेचं दार उघडा, पदार्थ घ्या. त्या काचांच्या मागे पदार्थ भरणारी माणसं होतीच, गिऱ्हाइकाला दिसत नव्हती एवढंच. त्यातलं शेवटचं १९९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बंद झालं. नाण्यांवर चालणाऱ्या त्या धंद्याला महागाईही जड गेली.

मग पैसे घालायचेच असतील तर कुठे? माझं मत सरळ आहे: रिकाम्या हातांच्या फेऱ्या आधी कमी करा. ऑर्डर घेऊन भटारखान्यात सांगायला जाणं ही वाढप्याची सगळ्यात वाया जाणारी फेरी, आणि ती रोबोट वाचवतच नाही. ती वाचवतो मोबाइल. वाढप्याच्या फोनवर ऑर्डर घ्यायची, आचाऱ्यासमोरच्या छोट्या प्रिंटरवर केओटी म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी निघते. बिलिंगचं सॉफ्टवेअर वर्षाला दहा हजारांच्या आसपास, थर्मल प्रिंटर पाच ते आठ हजार, जुना अँड्रॉइड फोन चालतो. सगळं मिळून पहिल्या वर्षी पंचवीस-तीस हजारांत बसतं. ‘कडक भाकरी, मीठ कमी’ हेही चिठ्ठीवर येतं, विसरत नाही.

टेबलावर बोलावण्याची बटणं लावता येतात. पंधरा टेबलांचा संच, भिंतीवरच्या आकड्यांच्या पाटीसकट, बारा-पंधरा हजारांत. लांबून ‘अहो, दादा’ अशा हाका थांबतात. पैसे देण्यासाठी प्रत्येक टेबलावर यूपीआयचा क्यूआर आणि गल्ल्यावर बोलणारा डबा: भाडं महिन्याला शंभर-सव्वाशे. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, तेव्हा ‘यूपीआयला दोन टक्के जादा’ असं कोणी तुमच्याकडून घेत असेल तर हिशेब मागा. आणि थाळ्याच वाहायच्या असतील तर स्टीलची तीन मजली ढकलगाडी घ्या. आठ-दहा हजारांची. रोबोटपेक्षा जास्त थाळ्या मावतात, चार्जिंग नको, आणि उंबरठा आला की पोरगा ती उचलून पलीकडे ठेवतो.

चहा-वडापाव-भेळेचा भाग असेल तर तो कूपनवर काढा. आधी पैसे, मग काउंटरवरून स्वतः घ्या. त्याला यंत्रही लागत नाही. गिऱ्हाईकच वाढपी होतं, आणि भाव दोन रुपये कमी ठेवला तर तक्रारही करत नाही.

यंत्राची हौस असेल तर ती मागे, मोरीवर आणि कणकेवर भागवा. दहा किलो कणीक मळायचं यंत्र पंचवीस ते चाळीस हजारांत येतं. भांडी धुण्याचं व्यावसायिक यंत्र महाग, दीड-दोन लाखांपासून पुढे, आणि बोअरचं जड पाणी असेल तर त्याला सॉफ्टनर लावावाच लागतो, नाहीतर वर्षभरात आत क्षार धरतो. पण हॉटेलात सगळ्यात आधी पळून जातो तो भांडीवाला, वाढपी नंतर.

पोरं का पळतात हेही एकदा हिशेबात धरायला हवं. भोरकडची असोत, वेल्ह्यातली म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली असोत की परराज्यातली, चौदा तास उभं राहून रात्री त्याच दालनात टेबलं बाजूला सारून झोपायचं आणि सुट्टी मालकाच्या मर्जीवर, असं असेल तर शिरवळच्या कारखान्यातली आठ तासांची ड्युटी त्यांना गोड लागणारच. पाच वाढप्यांना प्रत्येकी दोन हजार वाढवले तर दहा हजार होतात. आठवड्याची पक्की सुट्टी देण्यासाठी एक जादा माणूस घेतला तर १९,०००. बेरीज २९,०००, म्हणजे एका रोबोटएवढीच. या पैशात सहा माणसं टिकतात की एक यंत्र, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी असतो तर मंगळवारी निर्णय घेतला नसता, रविवारी रात्री साडेनऊला घेतला असता.

आणखी एक गैरसमज काढून टाकतो. वीस किंवा जास्त माणसं असली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, म्हणून ‘रोबोट आणून एकोणीसवर येतो’ असं काहींना वाटतं. एकदा कायदा लागू झाला की माणसं वीसच्या खाली गेली तरी तो सुटत नाही.

एवढं ऐकूनही रोबोट घ्यायचाच असेल, आणि दालन मोठं, एसी, सपाट, लग्न-साखरपुड्याच्या पंगतींचं असेल तर घ्यायला हरकतही नाही. मुलं बघायला येतील. पहिले काही महिने तो वाढप्यापेक्षा जाहिरातीचं काम जास्त करेल, तेव्हा त्याचा काही खर्च जाहिरातीत धरा. पण आधी विकत नको, भाड्याने घ्या. निदान पंधरा दिवसांचा डेमो तुमच्या फरशीवर, रविवार धरून, आणि रश्श्याची वाटी काठापासून बोटभर खाली भरून. दुरुस्तीचा माणूस पुण्यातून येणार की बेंगळुरूहून, किती तासांत, तोवर बदली यंत्र मिळणार का, बॅटरी बदलायला किती, नकाशा पुन्हा आखायचे पैसे किती (टेबलं हलवली की तो पुन्हा आखावा लागतो), हे सगळं करारात शब्दांत हवं. याला कारण आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतली असेल तर अपवाद आहे. तेव्हा यंत्र बंद पडलं तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईलच असं नाही. मग करारातली ओळ हाच आधार. कर्जासाठी मुद्रा योजनेतल्या ‘तरुण’ गटात दहा लाखांपर्यंत सोय आहे, पण बँक धंद्याचा ताळेबंद मागेल, रोबोटचा व्हिडिओ नव्हे.

राहिलं जेवायला बसणारं गिऱ्हाईक. तुमच्यासाठी चार गोष्टी. रोबोट टेबलापाशी आला की थाळी तुम्हालाच उचलायची असते. गरम रस्सा, लहान मूल मांडीवर असेल तर वाढप्याला हाक मारा, तो तेवढ्यासाठी पगार घेतो. बिलात ‘सेवा शुल्क’ लावलेलं असेल तर ते देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तसे निर्देश काढले आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. रोबोटने वाढलं म्हणून ‘तंत्रज्ञान शुल्क’ असं दुसरं नाव दिलं तरी तो सेवा शुल्काचाच प्रकार. प्राधिकरणाने दुसऱ्या नावाने घ्यायलाही मनाई केलेली आहे. काढायला सांगा, न काढल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. क्यूआर स्कॅन केल्यावर मेन्यूआधी मोबाइल नंबर मागितला तर कागदी मेन्यू मागा. नंबर दिल्याशिवाय विक्री नाही असं अडवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना कळवलेलं आहे. आणि टीप द्यायची तर ती रोबोटच्या कप्प्यात ठेवू नका. तो कप्पा थेट मोरीकडे जातो. पैसे ज्याने पाणी आणलं त्याच्या हातात द्या.